सगळं लिहिलंय, तरी लोक फोन करून विचारतात!

चप्पललाईन | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आहे. बाबा आणि काका चपला बनवतात, मी गेल्या दिवाळीपासून वेबसाईट सांभाळते. साईट सुरू करताना जीव ओतून एक पान लिहिलं होतं, 'आमच्या कोल्हापुरीविषयी सारं काही'. साधारण अठराशे शब्द. आजोबांपासून सुरुवात. मग बाभळीच्या सालीत कातडं कसं कमावतात, खिळा न मारता कातड्याच्याच वादीनं कशी शिवतात, कान (चपलेच्या बाजूच्या कातड्याच्या पाकळ्या) म्हणजे काय, वेणी म्हणजे काय, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे कोणते. त्यानंतर माप कसं घ्यायचं, पावसात चालते का, तेल कधी लावायचं, बदलून मिळते का, पार्सल किती दिवसांत येतं. काहीही सोडलं नाही.

आणि दिवसभर फोन. "ताई, पावसात चालतील का?" "माप कसं सांगायचं?" मी म्हणते, अहो पानावर आहे की सगळं. "हां, पान बघितलं, पण सापडलं नाही."

काल एक गृहस्थ तर पान उघडं ठेवून फोनवर होते. मी सांगतेय खाली जा, अजून खाली, आजोबांचा फोटो गेला का, आता अजून खाली. शेवटी तेच म्हणाले, "तुम्हीच सांगा की पटकन."

लोक वाचतच नाहीत का हो आता? की माझंच काही चुकतंय? नमुन्याला एक परिच्छेद देते, मोकळेपणानं फाडा:

*"पारंपरिक पद्धतीने कमावलेल्या चामड्यापासून अत्यंत कुशल कारागिरांच्या हातून साकारलेली आमची जगात भारी कोल्हापुरी चप्पल ही उन्हाळ्यात पायाला गारवा देणारी असून पहिल्या काही दिवसांत थोडी कडक वाटली तरी त्यानंतर ती पायाच्या आकाराप्रमाणे बसते, मात्र पावसाळ्याच्या दिवसांत अथवा ओल्या जागी तिचा वापर केल्यास चामडे फुगण्याची व बुरशी येण्याची शक्यता असल्याने तसा वापर करणे शक्यतो योग्य ठरत नाही."*

---

रंकाळ्याचा कट्टेकरी | सोमवार, रात्री ९:५२

वाचलं नाही, पण लई भारी लिहिलंय.

---

रंकाळ्याचा कट्टेकरी | सोमवार, रात्री ९:५५

चेष्टा केली हं ताई. पण खरं सांगू का, तो परिच्छेद मी 'कुशल कारागिरांच्या' इथं सोडला आणि सरळ तुमच्या पुढच्या ओळीवर आलो. पाऊस वगैरे त्यात आहे हे आत्ता परत वर जाऊन बघितलं तेव्हा कळलं.

---

टेकमामा | सोमवार, रात्री १०:३०

ताई, 'आता' लोक वाचत नाहीत असं नाही, पडद्यावर ते पहिल्यापासूनच असं वागतात. वेबसाईट वापरायला सोप्या कशा होतील याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली केलेली पाहणी वेबसाईटच्या धंद्यात अजून सांगितली जाते. नवीन पान समोर आल्यावर ७९ टक्के लोक नुसतं चाळतात. शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. तेव्हा हातात स्मार्टफोनही नव्हते.

पुढं २००६ मध्ये त्यांच्याच संस्थेनं २३२ जणांची नजर पडद्यावर कुठं कुठं फिरते ते यंत्रानं टिपलं. वरची एक ओळ बऱ्यापैकी आडवी वाचली जाते, थोडं खाली दुसरी ओळ अर्धीमुर्धी, आणि मग नजर डाव्या कडेनं खाली घसरत जाते. इंग्रजी 'एफ' अक्षरासारखा आकार. म्हणजे ओळीच्या उजव्या टोकाला तुम्ही जे सोनं ठेवलंय ते बहुतेकांना दिसतच नाही.

पण तुमच्यासाठी खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. १९९७ च्याच कामात त्यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती घेतली आणि तीच पाच तऱ्हांनी लिहून लोकांना वापरायला दिली. शब्द निम्म्यावर आणले तेव्हा पान ५८ टक्क्यांनी जास्त सोपं ठरलं. मजकूर चाळता येईल असा मांडला, याद्या, ठळक शब्द वगैरे, तेव्हा ४७ टक्के. नुसती फुशारकी काढून साधं सरळ लिहिलं तरी २७ टक्के. आणि तिन्ही एकदम केल्यावर १२४ टक्के.

फुशारकी म्हणजे काय ते सांगायला नको. 'जगात भारी' काढा.

---

रंकाळ्याचा कट्टेकरी | सोमवार, रात्री १०:३४

मामा, कोल्हापुरात राहून 'जगात भारी' काढा म्हणताय? पासपोर्ट जप्त करायला पाहिजे तुमचा.

---

टेकमामा | सोमवार, रात्री १०:३६

गाडीवर लिही की. पानावर नको.

---

छापखानेवाले काका | मंगळवार, सकाळी ७:१०

आम्ही चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, मग ऑफसेट, आता मुलगा डिजिटल करतो. हे 'चाळण्याजोगं' वगैरे तुम्ही नवीन म्हणून सांगता, पण मराठी माणसाच्या घरात असा एक कागद कायम येतो. लग्नपत्रिका.

आठवून बघा. पत्रिका हातात आली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कोण वाचतं? कोणी नाही. तरी कोणाचं लग्न, कधी, किती वाजता, कुठं, हे तीन सेकंदांत कळतं. कारण वधू-वरांची नावं मधोमध आणि सगळ्यांत मोठी. मुहूर्त स्वतंत्र ओळीत, आजूबाजूला मोकळी जागा. स्थळ खाली, चौकटीत. 'कृपया आहेर आणू नये' सर्वांत खाली, ठरलेल्या जागी. निमंत्रकांची यादी लांबलचक, पण ती बारीक टायपात, ज्याला आपलं नाव शोधायचंय तो शोधतो, बाकीच्यांना अडचण नाही.

आमच्याकडं नवीन पोरगा कामाला आला की पहिली पत्रिका त्याच्याकडून जुळवून घ्यायचो. हमखास सगळंच ठळक करायचा. देवाचं नाव ठळक, आजोबांचं ठळक, मुहूर्त ठळक, कार्यालय ठळक. मग मी प्रूफ हातभर लांब धरायचो आणि विचारायचो, सांग बाबा लग्न कुणाचं? सगळेच ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही.

ताई, तुमच्या पानाची पत्रिका करा. वधू-वर कोण ते आधी ठरवा.

---

चप्पललाईन | मंगळवार, सकाळी ११:२०

काका, हसले आणि मग जरा ओशाळले. माझ्या पानावर 'अस्सल', 'हस्तनिर्मित', 'परंपरा', 'विश्वास' हे चार शब्द प्रत्येक परिच्छेदात ठळक आहेत. आणि माप? साध्या टायपात, सातव्या परिच्छेदाच्या मध्यात.

---

वाचनवेडी | मंगळवार, दुपारी २:०५

मी जरा उलट बोलणार आहे.

सगळं तीन सेकंदांत कळलंच पाहिजे हा हट्ट कशासाठी? कातडं कमावणं हे कितीतरी दिवसांचं काम, आणि त्याची माहिती मात्र टिंबं देऊन पाच ओळींत? ताईंनी आजोबांबद्दल जे लिहिलंय ते मी त्यांच्या साईटवर जाऊन पूर्ण वाचलं. ऐरण आणि रापी घेऊन बसलेला माणूस, दुकानात येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी पायाकडं बघणारा. सुंदर आहे ते. त्याचे तुकडे करून 'आमचा वारसा: टिंब, तीन पिढ्या, टिंब, हातकाम' असं केलं तर मला तरी वाईट वाटेल. लोकांना वाचायची सवय मोडली म्हणून लिहिणाऱ्यानंही लिहायची सवय मोडायची का?

---

पूरगट | मंगळवार, रात्री ८:४५

वाचनवेडी ताई, तुमचं पटतं, पण प्रसंग बघा.

२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत आमच्या भागाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी बघत होतो. २०१९ ला पहिल्या दिवशी आम्ही जे पाठवत होतो ते असं: 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, धरण क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पावसामुळे पंचगंगा नदीच्या पाणीपातळीत लक्षणीय वाढ होत असून...' माणूस अंधारात, लाईट गेलेली, मोबाईलला आठ टक्के चार्जिंग, म्हातारे आईवडील वरच्या मजल्यावर न्यायचे की बाहेर काढायचे हे ठरवायचंय. त्याला 'लक्षणीय' नको असतं. त्याला आकडा पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही साचा ठरवला. असा (आकडे उदाहरणादाखल घातलेत; राजाराम बंधारा म्हणजे पंचगंगेची पातळी मोजायची जागा, राधानगरी म्हणजे धरण):

*मंगळवार, सकाळी ८*
*राजाराम बंधारा: ४१ फूट २ इंच*
*इशारा ३९, धोका ४३*
*राधानगरी: २ दरवाजे उघडे*
*पुढची खबर ११ वाजता*

पाच ओळी. प्रत्येक वेळी त्याच क्रमानं. तिसऱ्या मेसेजपासून लोक बाकी काही बघतच नव्हते, डोळा थेट दुसऱ्या ओळीवर. मागच्या वेळेपेक्षा वर की खाली, संपलं.

वेळ पहिल्या ओळीत, कारण कालचाच मेसेज फिरत फिरत आज परत येतो आणि लोक पळापळ करतात. वेळ वर दिसली की शिळा मेसेज लगेच ओळखू येतो. इशारा आणि धोका प्रत्येक वेळी लिहायचं, कारण बाहेरगावच्या पाहुण्याला किंवा नवीन भाडेकरूला ३९ आणि ४३ पाठ नसतात. क्युसेक मात्र काढून टाकले. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे आपल्याला पेपर वाचून वाचून पाठ. पण घाबरलेल्या माणसाला क्युसेक म्हणजे किती ते कळत नाही, 'दोन दरवाजे' कळतं. आणि 'पुढची खबर ११ वाजता' ही ओळ सगळ्यांत उपयोगी पडली. ती घातल्यापासून 'काही अपडेट?' असे शेकडो मेसेज बंद झाले.

पूर ओसरल्यावर मी त्याच ग्रुपवर सगळ्या दिवसांबद्दल लांबच लांब लिहिलं होतं. तेही लोकांनी वाचलं. पण तेव्हा घरात चिखल होता, पाणी नव्हतं.

---

वाचनवेडी | मंगळवार, रात्री ९:१५

हे मान्य. पाणी चढत असताना ललित कोणी वाचू नये.

पण चप्पल घेणाऱ्याच्या दारात पाणी नाही आलेलं! माझं म्हणणं एवढंच, आजोबांना हात लावू नका.

---

मोडीवेडा | बुधवार, सकाळी ९:००

थोडं अवांतर. संपादकांनी उडवलं तरी चालेल.

आपल्याकडच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. कधी बघा. मोडीत आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद तर नाहीच. (विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात.) आजच्या हिशेबानं चाळायला याहून अवघड लेखन नसेल.

तरी कारभार चालला. कारण पत्राचा साचा पक्का होता. वर श्री, मग मायना, कोणी कोणाला लिहिलं ते ठरलेल्या जागी, शेवटी मोर्तब. जाणकार कारकून मधला मजकूर न वाचताही कागद कुठल्या गठ्ठ्यात जाणार ते सांगायचा. पूरगटवाल्यांनी पाच ओळींचा क्रम बदलला नाही म्हणतात, ते तेच. शब्द मोकळे करणं नंतर आलं, जागा ठरवणं आधी.

---

मंगळवार पेठ | बुधवार, सकाळी ९:४०

आमच्या ओळखीतल्या एका लॉजच्या पानावर अंबाबाईच्या किरणोत्सवाची (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्याची) माहिती आहे. देवळाची बांधणी, शिल्पं, दंतकथा, आणि नवव्या परिच्छेदात तारखा. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, एवढंच तर लोकांना पाहिजे असतं, संध्याकाळी किती वाजता पोचायचं त्यासकट. दर ऑक्टोबरात मालक वैतागतात, 'एवढं लिहूनपण फोन करतात'. त्यांना हा धागा पाठवतो.

---

व्याकरणवाली बाई | बुधवार, दुपारी ४:३०

टेकमामांनी जे सांगितलं ते इंग्रजी वाचणाऱ्यांच्या नजरेचं. डावीकडून उजवीकडं आपणही वाचतो, त्यामुळं नजर तशीच घसरत असणार. पण आपल्या भाषेची मोडणी वेगळी आहे आणि तिथं घोटाळा होतो. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं बोलल्याशिवाय राहवत नाही.

मराठीत क्रियापद शेवटी. 'नाही' तर त्याहूनही शेवटी. ताईंचा परिच्छेद परत बघा. 'पावसाळ्याच्या दिवसांत अथवा ओल्या जागी तिचा वापर केल्यास...' चाळणाऱ्याच्या नजरेला 'पावसाळ्याच्या दिवसांत', 'वापर' एवढं दिसलं आणि तो पुढं गेला. त्याच्या मनात काय राहिलं? पावसाळ्यात वापरायची! 'योग्य ठरत नाही' हे शब्द चौदा-पंधरा शब्द पलीकडं, परिच्छेदाच्या शेपटाला. तुम्ही बरोबर लिहिलं, त्यानं बरोबर उलटं वाचलं.

उपाय म्हणून इंग्रजीसारखं क्रियापद आधी आणायला जाऊ नका, ते कानाला बोचतं. वाक्य छोटं करा, म्हणजे शेवट आपोआप सुरुवातीजवळ येतो. 'पावसात नको.' दोन शब्द. 'नको' शेवटीच आहे, पण नजरेच्या टप्प्यात आहे. आपल्या आज्या असंच बोलायच्या. 'असून', 'नसल्याने', 'असल्याकारणाने' ही सरकारी पत्रांतली गोंदपट्टी आहे, तिनं चार वाक्यं चिकटवून एक होतं.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. लोक पानात शब्द टाकून शोधतात. समजा कोणी 'पाऊस' टाकला. तुमच्या पानावर आहे 'पावसात', 'पावसाळ्याच्या'. सापडणार नाही. 'चप्पल' टाकलं तर 'चपलेला', 'चपला' सापडणार नाहीत. पूरगटवाल्यांना सांगते, 'पूर' टाकलं तर 'पुरात' सापडणार नाही, ऊकार ऱ्हस्व झाला. प्रत्यय लागला की आपला शब्द आतून बदलतो, ही आपल्या भाषेची गंमत, पण शोधणाऱ्याची पंचाईत. म्हणून निदान शीर्षकात शब्द मूळ रूपात, बिनप्रत्ययाचा ठेवावा. 'पावसाळ्यात घ्यावयाची काळजी' यापेक्षा 'पाऊस' बरं. डोळ्यालाही ते पटकन सापडतं, कारण माणूस मनात तोच शब्द घेऊन आलेला असतो.

---

कानसेन | बुधवार, रात्री ११:१०

या धाग्यावर सगळे 'नजर', 'डोळा' म्हणतायत. मला दिसत नाही. मी पण चाळतो.

कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए वापरतो, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. पान उघडलं की 'एच' कळ दाबत जातो. प्रत्येक दाबाला पुढचं शीर्षक वाचलं जातं. अर्ध्या मिनिटात पानावर काय काय आहे कळतं, मग हव्या त्या शीर्षकाखाली थांबतो. फोनवर तसंच काम करणाऱ्या टॉकबॅकमध्येही शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते. ताईंचं पान आत्ता उघडलं. 'एच' दाबला. 'आमच्या कोल्हापुरीविषयी सारं काही.' परत दाबला. काही नाही. म्हणजे अठराशे शब्द मला पहिल्यापासून ऐकायला लागणार. आजोबा छान आहेत, पण मला माप हवं होतं.

तुम्ही म्हणाल, उपशीर्षकं आहेत की. ती नुसती मोठी आणि ठळक केलेली अक्षरं आहेत. दिसणाऱ्याला ते शीर्षक वाटतं, माझ्या यंत्राला तो साधा मजकूर. लिहिताना वरच्या पट्टीत 'शीर्षक २' किंवा 'हेडिंग' असा पर्याय असतो, तो निवडायचा. अक्षर मोठं करणं म्हणजे शीर्षक नव्हे.

आणि मापाचा तक्ता फोटो म्हणून चिकटवलाय. माझ्याकडं तो 'इमेज' एवढाच बोलतो. बाईंनी शोधायचं म्हटलं तेही त्यात चालणार नाही. 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' असे सहा दुवे आहेत, मी दुव्यांची यादी काढली तर 'इथे क्लिक करा' सहा वेळा ऐकू येतं. कुठला कशाचा?

रागावून नाही सांगत. बहुतेक पानं अशीच असतात.

---

चप्पललाईन | बुधवार, रात्री ११:४५

कानसेनदादा, तक्ता उद्या सकाळी पहिल्यांदा टाईप करते. खरंच डोक्यात आलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक आल्यावर पायाचं माप आम्ही स्वतः घेतो, आणि पानावर मात्र भिंतीवर तक्ता टांगून 'बघा' म्हटलं.

---

टेकमामा | गुरुवार, सकाळी ८:२०

कानसेन आणि बाईंनी माझं काम केलं. राहिलेलं थोडं रंगरंगोटीचं सांगतो.

इंग्रजी साईटचे तयार साचे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि डोळा अडखळतो. ओळीतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी पाहिजे, मी मराठीला त्याहून थोडं जास्तच ठेवतो. काका, तुमच्या भाषेत सांगा की.

दोन अक्षरांतलं अंतर वाढवायची फॅशन असते, शीर्षकात तर हमखास. देवनागरीत ते करू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाची फणी होते. इंग्रजीत मोठी लिपी (कॅपिटल अक्षरं), तिरपी लिपी अशी हत्यारं आहेत. आपल्याकडं मोठी लिपी नाहीच आणि तिरपं केलेलं देवनागरी पडल्यासारखं दिसतं. अधोरेखित केलं तर रेघ उकारांना कापत जाते, शिवाय लोकांना तो दुवा वाटतो. राहिलं ठळक, तेही जपून, जोडाक्षर ठळक केलं की आतल्या फटी बुजतात. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह नको, फोनच्या अरुंद पडद्यावर आपले प्रत्ययांनी लांबलेले शब्द मावत नाहीत आणि मध्ये भगदाडं पडतात.

फॉन्ट फुकटात चांगले मिळतात. 'मुक्त' आणि 'नोटो सॅन्स देवनागरी' या नावांचे. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवा. त्यानं कानसेनच्या यंत्राला कुठला आवाज वापरायचा ते कळतं, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतो, हिंदीतला नाही.

---

छापखानेवाले काका | गुरुवार, सकाळी ८:५०

ओळींमध्ये आम्ही शिशाच्या पट्ट्या घालायचो. कागद वाचवायला मालक म्हणायचे पट्ट्या काढा. मी म्हणायचो कागद वाचेल, पण पुस्तक कोण वाचेल? तुमच्या पडद्यावर तर पट्टी फुकट आहे, तरी चिकट लिहितात.

---

चप्पललाईन | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:००

धागा वर काढतेय. पान बदललं. काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचे कष्ट वाया गेले नाहीत हे कळेल.

आधी वही घेऊन बसले आणि फोनवर जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं. 'आकारमान निवड मार्गदर्शिका' असं कोणीही विचारत नाही. 'माप कसं सांगू' विचारतात. तीच शीर्षकं केली, खऱ्या शीर्षकाच्या पर्यायातून: माप, पाऊस, पहिले दिवस, तेल, बदलून मिळेल का, पार्सल. ज्याचे फोन जास्त तो सगळ्यांत वर. म्हणजे माप वधू आणि पाऊस वर, काका.

जुन्या परिच्छेदाचं आता हे झालंय, शेवटी मापही देते:

*पाऊस*
*पावसात नको. ओल्यानं कातडं फुगतं, बुरशी येते. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ नको.*

*पहिले दिवस*
*थोडी कडक लागेल. आठवडाभर घरातल्या घरात थोडा थोडा वेळ घाला. मग पायाप्रमाणं बसते.*

*माप*
*कागदावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवा. सगळ्यांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि टाचेपासून सेंटीमीटरमध्ये मोजा. शक्यतो संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो.*

बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे तू लिहिलंस? हे तर मी गिऱ्हाईकाला बोलतो तसंच आहे." आधीचं पान त्यांनी पूर्ण वाचलंच नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. सहा महिने 'चांगलं आहे' म्हणत होते.

आजोबांना हात लावलेला नाही, वाचनवेडीताई. त्यांचं वेगळं पान केलं, टिंबं नाहीत, उपशीर्षकं नाहीत, मोठा फोटो आणि सलग मजकूर. पहिल्या पानावर त्याचा दुवा आहे, 'आजोबांची गोष्ट' असाच, 'इथे क्लिक करा' असा नाही. उलट आता दोन-तीन जणांनी ते वाचून मेसेज केला. पूर्वी ती गोष्ट मापाच्या वाटेत आडवी पडली होती, लोक ती ओलांडून जात होते.

'जगात भारी' एकदाच ठेवलंय. पिशवीवर.

---

पूरगट | रविवार, रात्री १०:१२

फोन थांबले का?

---

चप्पललाईन | रविवार, रात्री १०:२०

नाही! पण 'पावसात चालते का' जवळजवळ बंद. आता विचारतात, उजव्या पायाचाच कान का चावतो, एक पाय मोठा असेल तर काय करायचं, टाच झिजली तर नवीन बसवून देता का. हे पानावर नव्हतंच. कान चावण्याचं तर मलाही माहीत नव्हतं, काकांना विचारलं. ते म्हणाले बहुतेकांचे दोन पाय थोडे वेगळे असतात, मोठ्या पायाचं माप द्या, लहान पायाचा पट्टा आवळून देतो. आता ते लिहायला घेतलंय. वही संपत आली.

---

कानसेन | रविवार, रात्री १०:४०

'एच' दाबला. माप. पाऊस. पहिले दिवस. तेल. बदलून मिळेल का. पार्सल. वीस सेकंद. तक्ता पण बोलला, ओळ आणि रकान्यासकट. मग आजोबांकडं गेलो आणि सावकाश ऐकलं.

---

रंकाळ्याचा कट्टेकरी | रविवार, रात्री ११:०५

विषय हार्ड! ताई, नऊ नंबरची कापशी चप्पल पाहिजे होती, माप कसं पाठवू?

---

छापखानेवाले काका | सोमवार, सकाळी ६:५५

पानावर आहे की रे भावा. पहिलंच.